जुनी मोटार वर्षभर ठेवायची कुठे? पुणे परिसरात कोरडी आणि परवडणारी जागा शोधण्याची रीत

पुण्यात जुनी मोटार बाळगणाऱ्यांची जागेची अडचण गेल्या काही वर्षांत वाढली आहे आणि तिचे मुख्य कारण पुनर्विकास हे आहे. प्रभात रस्ता, मॉडेल कॉलनी, सॅलिसबरी पार्क अशा भागांतल्या बंगल्यांना स्वतंत्र गॅरेज असे आणि त्यात घरातली फियाट किंवा ॲम्बेसेडर वर्षानुवर्षे निवांत उभी राही. बंगल्याच्या जागी इमारत आली की प्रत्येक सदनिकेच्या वाट्याला एखाद-दुसरे पार्किंग येते, ते रोजच्या गाड्यांनी भरते आणि जुनी मोटार रस्त्यावर येते. रस्त्याच्या कडेला धूळ खात, टायर बसलेल्या अवस्थेत उभी राहिलेली गाडी बेवारस ठरवली जाऊन तिच्यावर नोटीस लागण्याची आणि ती उचलली जाण्याची शक्यता असते. म्हणून गाडी वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ ठेवायची असेल, तर वेळीच बाहेर जागा पाहणे शहाणपणाचे ठरते.

जागा निवडताना मी कोरडेपणाला पहिला क्रमांक देतो, जाण्यायेण्याच्या सोयीला दुसरा, सुरक्षिततेला तिसरा आणि भाड्याला शेवटचा. परवडणाऱ्या जागेच्या लेखात भाडे शेवटी कसे, असे कोणी विचारेल. पण ओल्या जागेत दोन वर्षांत वाचवलेले भाडे डेंटिंग-पेंटिंगच्या एकाच बिलात निघून जाते.

आधी कागद, मग जागा

खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. नोंदणीची मुदत गाडी बंद असतानाच संपली, तर ती टोइंगच्या गाडीवर चढवून न्यावी लागेल, शिवाय उशिराचे शुल्कही भरावे लागेल. मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत अर्ज करता येतो. म्हणून मुदत जवळ आली असेल, तर गाडी चालू स्थितीत असतानाच नूतनीकरण उरकून घ्यावे आणि मगच ती ठेवायला न्यावी. जुन्या नोंदणी क्रमांकाच्या अनेक गाड्या संगणकीय नोंदीत दिसत नाहीत. तशी स्थिती असल्यास मूळ आरसी पुस्तक घेऊन जाऊन आरटीओत बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून घेण्याचे काम, करून घ्यावी, कारण पुढे विमा, विक्री किंवा वारसांच्या नावावर हस्तांतर यांपैकी काहीही करायचे झाले, तरी ही नोंद लागते.

दोन गैरसमज येथेच दूर करावेत. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांबाबतचे निर्बंध दिल्ली परिसरापुरते आहेत. पुण्यात केवळ वयामुळे मोटार बाद होत नाही. दुसरे असे की, २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे असते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती अशा ठरावीक कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. केवळ गाडी ठेवायची आहे म्हणून ही नोंदणी घेण्याची गरज नाही.

किती जागा लागते

ॲम्बेसेडरची लांबी सुमारे ४.३ मीटर आणि रुंदी १.७ मीटरच्या आत आहे. पद्मिनी (फियाटचेच पुढचे नाव) त्याहून लहान, सुमारे ३.९ मीटर लांब आणि दीड मीटरच्या आत रुंद. दोन्ही बाजूंचे दरवाजे उघडता यावेत, बॉनेटपुढे उभे राहता यावे आणि मागे डिकी उघडावी, एवढा हिशेब धरला तर १८ फूट बाय १० फूट, म्हणजे १८० चौरस फूट जागा पुरते. शटरची रुंदी आठ फुटांहून कमी असेल, तर गाडी आत नेताना आरसे आणि मडगार्ड घासण्याची धास्ती राहते.

दिशा: पश्चिमेला नको, पूर्वेला पाहावे

गाडी ठेवायची म्हटले की अनेकांच्या मनात प्रथम मुळशी, पानशेत किंवा लोणावळ्याचे एखादे फार्महाऊस येते. तिथे ओळखीचे कोणी असते, हवा चांगली असते आणि रविवारी जाणेही होते. जुन्या पत्र्याच्या दृष्टीने मात्र हीच दिशा सर्वांत वाईट आहे. शिवाजीनगरला वर्षाकाठी सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर लोणावळ्याला तो चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. शिवाय पावसाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाऊस नसलेल्या दिवसांतले धुके आणि दमट हवा. हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर राहू लागली की लोखंड गंजण्याचा वेग वाढतो आणि घाटमाथ्यालगत जून ते सप्टेंबर ती त्याहून बरीच वर असते.

याउलट शहरापासून पूर्वेकडे सरकावे तसा पाऊस कमी होत जातो. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत. सासवडच्या पुढे जेजुरीचा पट्टा. नगर रस्त्यावर शिक्रापूर आणि शिरूर, हा सारा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. शिरूर, दौंड आणि बारामती हे तर अवर्षणप्रवण तालुके म्हणून ओळखले जातात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे दुर्दैव असले, तरी उभ्या गाडीला ते मानवते. शिवाय या पट्ट्यात पत्र्याच्या शेड भरपूर आहेत आणि शहरातील गोदामांच्या मानाने भाडीही उतरतात.

पूर्वेकडेही काही गोष्टी पाहून घ्याव्या लागतात. दौंड तालुक्यात गुऱ्हाळे बरीच आहेत. त्यांच्या धुरांड्याच्या वाऱ्याखाली येणारी शेड नाकारावी, कारण काजळीचा चिकट थर रंगावर बसतो. उसाच्या फडालगतच्या शेडमध्ये उंदीर आणि घुशी हमखास येतात. तोडणीनंतर पाचट पेटवले जात असेल, तर आगीचाही धोका असतो. पुरंदर तालुक्यात प्रस्तावित विमानतळासाठी आणि शहराभोवतीच्या नियोजित रिंग रोडसाठी भूसंपादनाचा प्रश्न आहे. म्हणून जागेचा गट क्रमांक घेऊन तलाठ्याकडे चौकशी करावी, नाही तर वर्षाच्या मध्येच गाडी हलवण्याची वेळ येते.

अंतराचाही विचार करावा. सासवडला जायचे म्हणजे दिवे घाट चढावा लागतो आणि जुन्या रेडिएटरची गाडी तिथे तापण्याचा संभव असतो. तशी शंका असल्यास पहाटे निघावे किंवा सरळ टोइंगची फ्लॅटबेड गाडी ठरवावी. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाटाने आणि तुकाराम महाराजांची पालखी सोलापूर रस्त्याने जाते. त्या दिवसांत दोन्ही रस्त्यांची वाहतूक वळवलेली असते, तेव्हा गाडी हलवण्याचा बेत त्यांच्या आधी किंवा नंतर आखावा.

शहरातच ठेवायची असेल तर

काहींना गाडी हाताशी हवी असते. त्यांच्यासाठी सर्वांत चांगला पर्याय म्हणजे अजून उभ्या असलेल्या जुन्या बंगल्यांतील रिकामी गॅरेजे. मुले परदेशी आहेत, मालकांनी गाडी चालवणे सोडले आहे आणि गॅरेजमध्ये जुने फर्निचर भरले आहे, अशी घरे डेक्कन आणि आसपासच्या भागांत अजूनही आहेत. या जागांची जाहिरात होत नाही. परिसरातील इस्त्रीवाले, किराणा दुकानदार, बँकेत भेटणारे ज्येष्ठ नागरिक आणि विशेषतः जुने मेकॅनिक यांच्याकडे विचारणा करावी. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात वावरणाऱ्या मेकॅनिकला कोणाची गाडी नुकतीच विकली गेली आणि कोणाचे गॅरेज रिकामे झाले, हे आपल्याआधी कळते. अशा मालकांशी बोलताना भाड्याच्या आकड्यापेक्षा गाडी धुतली जाणार नाही, तेल सांडणार नाही आणि येण्याआधी फोन केला जाईल, ही हमी अधिक उपयोगी पडते. मात्र बंगल्याच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत का, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

सोसायटीतील दुसऱ्या सभासदाचे पार्किंग भाड्याने घेणे हा पर्याय वरवर सोपा दिसतो. सभासदाने होकार दिला, तरी बाहेरच्या माणसाची बंद गाडी उभी करू देण्याचा निर्णय सोसायटीचा असतो. म्हणून सचिवाचे लेखी पत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तळघरातील पार्किंग मी सुचवणार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि जुलै २०२४ मध्ये मुठेच्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीची झालेली अवस्था पुणेकरांच्या आठवणीत आहे. नदी किंवा ओढ्याजवळची जागा पाहताना ती जलसंपदा विभागाच्या निळ्या किंवा लाल पूररेषेच्या (पुराचे पाणी कुठवर येते हे दाखवणाऱ्या रेषेच्या) आत आहे का, हे नकाशावरून तपासावे.

कोणत्या शेड टाळाव्यात

स्वस्त जागा शोधताना बंद पडलेली पोल्ट्री शेड वारंवार पुढे येते, कारण ती लांब, हवेशीर आणि रिकामी असते. ती घेऊ नये. कोंबड्यांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया जमिनीत आणि भिंतींत मुरलेला असतो आणि तो तांबे व पितळ यांना खातो. जुन्या मोटारींचे रेडिएटर, कार्बोरेटरचे जेट आणि वायरिंगची टोके याच धातूंची असतात. गोठ्याला लागून असलेल्या खोलीलाही हेच लागू होते. रासायनिक खतांची पोती ठेवलेल्या गोदामात क्षारांमुळे पत्रा गंजतो. धान्याच्या गोदामात उंदरांचा उपद्रव असतो आणि कडब्याच्या गंजीजवळ आगीचा. मग उरते काय? बंद पडलेल्या लहान वर्कशॉपची शेड, ट्रॅक्टर ठेवण्याची पक्की खोली, वापरात नसलेले दुकानाचे गाळे, किंवा एखाद्या कारखानदाराच्या आवारातील शिल्लक कोपरा. यांपैकी पक्क्या कोब्याची आणि विटांच्या भिंतींची कोणतीही जागा चालते.

पाहणी पावसाळ्यातच करावी

जागा उन्हाळ्यात पाहिली तर प्रत्येक शेड कोरडीच दिसते. म्हणून शोध जुलै-ऑगस्टमध्ये घ्यावा आणि गाडी दसरा-दिवाळीच्या सुमारास, पाऊस पूर्ण ओसरल्यावर हलवावी. पाहणीला जाताना टॉर्च, मोजपट्टी, एक मीटर चौरस जाड प्लॅस्टिकचा कागद, चिकटपट्टी आणि डिजिटल आर्द्रतामापक बरोबर ठेवावा. हे उपकरण काही शे रुपयांत मिळते.

आत गेल्यावर प्रथम दिवा बंद करून छताकडे पाहावे. पत्र्याला भोके असतील तर प्रकाशाचे ठिपके दिसतात. मग भिंतींच्या तळाशी लोणा लागला आहे का, रंगाचे पोपडे सुटले आहेत का आणि पाण्याची जुनी रेघ दिसते का, ते पाहावे. अशी रेघ जागेचा खरा इतिहास सांगते, मालक काहीही म्हणो. जमिनीची परीक्षा घेण्यासाठी प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर पसरून चारही कडा पट्टीने चिकटवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी उचलून पाहावे. खालच्या बाजूला पाण्याचे थेंब किंवा काळपट डाग दिसले, तर जमिनीतून ओल वर येते असे समजावे. जागा बाकी सर्व दृष्टींनी चांगली असेल, तर गाडीखाली जाड प्लॅस्टिक पसरून त्यावर लाकडी फळ्या टाकून काम भागवता येते. नुसत्या मुरमाच्या जमिनीवर मात्र एवढ्याने भागत नाही.

पत्र्याच्या छताचा आणखी एक दोष हिवाळ्यात कळतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या आसपास दुपारी तीस अंशांच्या जवळपास असलेले तापमान पहाटे दहा-बारा अंशांवर येते आणि पत्र्याला आतून घाम सुटतो. तो थेट गाडीवर ठिबकू नये म्हणून छताखाली बांबूच्या आधाराने कापडी छत ताणावे आणि समोरासमोरच्या भिंतींत, वरच्या बाजूला, जाळी लावलेले झरोके असावेत.

भाड्याचा हिशेब

गोदामाचे भाडे चौरस फुटावर सांगितले जाते, पण ते चटई क्षेत्रावर (भिंतींच्या आतल्या जागेवर) आहे की बांधीव क्षेत्रावर (भिंती धरून), हे आधी विचारावे. उदाहरणादाखल दर महिन्याला चौरस फुटामागे १२ रुपये धरले, तर १८० फुटांचे २,१६० रुपये होतात. मालक जीएसटी नोंदणीकृत असेल, तर त्यावर १८ टक्के कर येतो. यात दलालाची दलाली, अनामत, एकदाचा टोइंगचा खर्च आणि वर्षभरातील फेऱ्यांचे पेट्रोल मिळवले की खरा मासिक खर्च कळतो. पन्नास किलोमीटरवरची स्वस्त शेड आणि दहा किलोमीटरवरचे महाग गॅरेज यांतील फरक या हिशेबात बऱ्याचदा निम्मा होतो.

मोठी बचत होते ती भागीदारीने. एकट्याला १८० फुटांची शेड सहसा मिळत नाही. दीड-दोन हजार फुटांची मिळते. गाड्या आत-बाहेर करण्याची वाट धरून प्रत्येक गाडीमागे अडीचशे फूट लागतात, म्हणजे सहा-सात जणांनी मिळून अशी शेड घेतली तर भाडे, रखवालदार आणि कॅमेरा हे तिन्ही खर्च वाटले जातात. गट करताना करार एकाच्याच नावावर न ठेवता सर्वांची नावे घालावीत आणि कोणी मध्येच बाहेर पडल्यास किती महिन्यांची सूचना द्यायची, हे आधी लिहून ठेवावे. मालकाला सहा महिन्यांचे भाडे एकदम देण्याची तयारी दाखवली, तर दर कमी होण्यास वाव राहतो.

करार: किल्ली कोणाकडे?

करार करण्याआधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहून भाडे घेणारा माणूस खरोखर मालक आहे, हे तपासावे. भावाभावांत वाटणी न झालेली शेड असेल, तर सर्वांची संमती लेखी घ्यावी. शेतजमिनीवरील शेड असल्यास बिगरशेती परवानगीचाही प्रश्न विचारावा.

यानंतर शटरची किल्ली कोणाकडे राहणार, हे ठरवावे. किल्ली तुमच्याकडे असेल, तर तुम्ही जागा वापरायला घेतली आहे आणि त्यासाठी लिव्ह अँड लायसन्स करार योग्य ठरतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, व नोंदणीची जबाबदारी जागामालकावर आहे. किल्ली आणि गाडी दोन्ही त्याच्या ताब्यात राहणार असतील, तर ती भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील निक्षेपाची, म्हणजे वस्तू सांभाळायला सोपवण्याची, बाब होते आणि स्वतःच्या वस्तूची सामान्य विवेकी माणूस जितकी काळजी घेईल, तितकी त्याने तुमच्या गाडीची घेणे अपेक्षित असते. या दुसऱ्या प्रकारात अनेक छापील करारांत ‘मालकाच्या जोखमीवर’ (म्हणजे गाडीमालकाच्या) हे शब्द घातलेले असतात आणि भाडे थकल्यास गाडी अडवून विकण्याचे कलमही असते. विक्रीचे कलम खोडून घ्यावे. शेडमध्ये थिनर, डिझेलचे बॅरल किंवा चारा ठेवला जाणार नाही, गाडी परवानगीशिवाय ढकलली किंवा चालवली जाणार नाही आणि जागा रिकामी करण्यासाठी किमान दोन महिन्यांची सूचना मिळेल, या तीन अटी लिहून घ्याव्यात. गाडी सोपवताना सर्व बाजूंनी फोटो आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढून दोघांच्या सहीने जोडावा.

विम्याचे थोडक्यात. सार्वजनिक ठिकाणी गाडी आणायची तर थर्ड पार्टी विमा अनिवार्य आहे. बंद गाडीसाठी त्याच्या जोडीला आग आणि चोरीपुरते मर्यादित संरक्षण घेता येते आणि ते सर्वसमावेशक विम्याहून स्वस्त पडते. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते. एजंट लिहील तो आकडा मुकाट्याने न स्वीकारता मूल्यांकन अहवाल जोडावा. गाडी ज्या पत्त्यावर ठेवली आहे, तो पत्ता कंपनीला लेखी कळवावा.

गाडी ठेवण्यापूर्वी

इंजिन ऑइल बदलूनच गाडी ठेवावी, कारण वापरलेल्या तेलातील आम्ल बेअरिंगांना इजा करते. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी असेल, तर ते काढून गंजरोधक कूलंट भरावा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओल शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व कार्बोरेटरला त्रासदायक ठरते. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न असेल तर टाकी भरून ठेवावी, पण वर्षभरासाठी टाकी रिकामी करून, इंजिन चालू ठेवत कार्बोरेटरही कोरडा होऊ द्यावा. बॅटरी काढून घरी आणावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी.

टायरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा भरावी किंवा गाडी ॲक्सलखाली जॅक स्टँड लावून उचलून ठेवावी. हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, म्हणजे ब्रेक शू ड्रमला चिकटत नाहीत. सायलेन्सरचे तोंड आणि एअर फिल्टरची नळी तारेच्या बारीक जाळीने बंद करावी आणि तशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी, नाही तर पुढच्या वर्षी तेच विसरून स्टार्टर मारला जातो. आत डांबराच्या गोळ्या टाकू नयेत; त्यांचा वास सीटमधून महिनोन्‌महिने जात नाही. आवरणासाठी ताडपत्री नको, कारण तिच्याखाली ओल कोंडते. मांजरपाटाचे सैल आवरण गादीवाल्याकडून शिवून घेतले, तर ते तयार कव्हरपेक्षा स्वस्त पडते आणि त्यातून हवाही खेळते.

मधल्या फेऱ्या

महिन्यातून एकदा जाऊन पाच मिनिटे इंजिन चालू करण्याची सवय अनेकांना असते. त्याने फायद्यापेक्षा तोटा अधिक होतो: इंजिन पुरेसे तापत नाही आणि जळणातून तयार झालेले पाणी सायलेन्सरमध्ये व तेलात साचते. पंधरा-वीस किलोमीटर चालवणे शक्य असेल तरच गाडी चालू करावी. नाही तर प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे आणि हँडल मारून इंजिन दोन-तीन फेरे फिरवावे. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरला ही सोय आहे. त्याच फेरीत आर्द्रतामापकाचा आकडा वहीत टिपावा, गाडीखाली तेलाचा किंवा ब्रेक ऑइलचा डाग पडला आहे का ते पाहावे आणि उंदरांच्या लेंड्या शोधाव्यात. पावसाळ्यात महिन्याऐवजी पंधरवड्याने जावे. स्वतःला जमणार नसेल, तर ही फेरी एखाद्या मेकॅनिकला ठरावीक मोबदल्यावर सोपवावी आणि प्रत्येक वेळी आकड्याचा व गाडीखालच्या जमिनीचा फोटो मागवावा.